दुबळा हीटर आणि टाकाऊ उष्णतेचा इतिहास

मोटारीतला हीटर हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय नाही. एस.टी.च्या जुन्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणाला खेटून ज्यांनी एप्रिल महिन्यात प्रवास केला आहे, त्यांना तर गाडीत मुद्दाम उष्णता सोडण्याची कल्पनाच विचित्र वाटेल. पण थंड देशांत चालकाच्या पायाशी येणारी गरम हवा ही चैन नसते. समोरच्या काचेवर आतून बाष्प गोठू लागले की रस्ता दिसेनासा होतो.

2014 सालच्या जानेवारीत आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात संशोधनासाठी राहत होतो. आम्हा तिघांमध्ये मिळून एक जुना पिकअप ट्रक होता, 1980च्या दशकात तयार झालेला. बाहेर उणे 20 अंश सेल्सिअस तापमान असताना त्याचा हीटर जेमतेम कोमट हवा देऊ लागला. आमच्यातल्या दोघांकडे विज्ञानातली डॉक्टरेट होती, त्यामुळे निदान करायला वेळ लागला नाही. थर्मोस्टॅट बिघडला, असे आम्ही एकमताने ठरवले, नवा आणून बसवला, आणि फरक काहीही पडला नाही.

शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहत. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, "गाडी सिग्नलला उभी असताना हवा थंड येते आणि वेगात असताना गरम, असे होते का?" तसेच होत होते. रोज होत होते, पण कुणीही त्याची नोंद घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना त्यांनी रेडिएटरचे झाकण काढायला लावले. आत सुमारे दोन लिटर पाणी कमी होते.

हा एक प्रश्न त्यांना कसा सुचला, हे समजून घेताना आम्हाला हीटरचा इतिहास वाचावा लागला. त्या इतिहासातून हाती आलेली गोष्ट अशी, की हीटरचा प्रत्येक भाग कोणत्या तरी अडचणीवरचा उपाय म्हणून आला आणि तो भाग बिघडला की तीच जुनी अडचण परत डोके वर काढते.

शेगडी, वाफ आणि एक शब्द

प्रवासात ऊब देण्याचा प्रश्न मोटारीच्या आधी रेल्वेने सोडवला. अमेरिकेत रेल्वेच्या लाकडी डब्यांत लोखंडी शेगड्या असत. 18 डिसेंबर 1867 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावाजवळ गाडीचा शेवटचा डबा पुलावरून खाली कोसळला. शेगड्या उलटल्या, डबा पेटला आणि सुमारे पन्नास माणसे मेली. अशा अपघातांनंतर डब्यात विस्तव ठेवण्याऐवजी इंजिनातली वाफ नळांनी डब्यात खेळवण्याचा आग्रह वाढत गेला. उष्णता एका जागी तयार करायची आणि प्रवाही पदार्थाने दुसरीकडे न्यायची, ही कल्पना तिथेच रुजली.

1893 साली शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स यांना 'कार हीटर'चे पेटंट मिळाले. त्यांनी मोटारीचा हीटर शोधला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण 1893 साली अमेरिकेत 'कार' हा शब्द मुख्यतः रेल्वेच्या किंवा ट्रामच्या डब्यासाठी वापरत. मोटारी तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विज्ञानाचा इतिहास शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे. जुन्या कागदातला शब्द आजच्या अर्थाने वाचला, की शोधाची तारीख आणि शोधाचा विषय दोन्ही चुकतात.

सुरुवातीच्या मोटारी उघड्याच होत्या. प्रवासी लोकरीचे कोट घालत, मांडीवर जाड कांबळी घेत, पायाशी निखाऱ्याच्या पेट्या ठेवत. उघड्या गाडीत हवा गरम करून उपयोग नव्हता, कारण ती पुढच्या क्षणी मागे उडून जाई. 1919 साली अमेरिकेत तयार होणाऱ्या मोटारींपैकी दहातली एकच बंदिस्त असे. 1920चे दशक संपता संपता दहातल्या आठांहून अधिक मोटारी बंदिस्त झाल्या. मोटारीला खोलीचे रूप आले, तेव्हाच खोली उबदार करण्याचा प्रश्न उभा राहिला.

धुराड्याची ऊब

पेट्रोल इंजिनात इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा काही प्रमाणात धुराबरोबर आणि काही प्रमाणात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. म्हणजे उष्णता तयारच होती, फुकट होती आणि वाया जात होती. ती आत आणायची कशी, एवढेच ठरवायचे होते.

पहिला मार्ग धुराचा. धूर अतिशय तापलेला असल्याने इंजिन सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ऊब मिळे. धूर वाहून नेणाऱ्या नळीभोवती पत्र्याचे आवरण घालायचे आणि त्या दोहोंमधून हवा आत सोडायची. 1928 ते 1931 या काळातल्या फोर्डच्या 'मॉडेल ए' गाड्यांना असे हीटर बसवले जात. पण नळीला बारीकशी चीर गेली तर हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. या वायूला वास नाही, रंग नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. शिवाय थंडीमुळे खिडक्या लावलेल्या असत. रेल्वेच्या डब्यात विस्तव ठेवण्यात जी चूक होती, तिचेच हे दुसरे रूप होते.

पाण्याचा मार्ग

दुसरा मार्ग पाण्याचा. कार्ल बेंझ यांच्या 1886 सालच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि त्याची भर घालावी लागे. 1901 सालच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात 8070 बारीक चौकोनी नळ्या होत्या. त्यांच्यातून हवा जाई आणि बाहेरून पाणी वाहे. कमी जागेत जास्त पृष्ठभाग मिळाला म्हणजे उष्णतेची देवघेव झपाट्याने होते, हे तत्त्व त्यात होते. हीटरच्या पोटात जो गाभा असतो तो अशाच रेडिएटरचा लहान भाऊ. एक उष्णता बाहेर टाकतो, दुसरा आत देतो.

मात्र गाभ्यातून पाणी फिरवायला कोणीतरी हवे. 1908 ते 1927 या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये, अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी हलके होऊन वर जाई आणि थंड झालेले खाली येई. भांड्यातल्या पाण्यात लाकडाचा भुसा टाकून आपण वर्गात दाखवतो, तेच हे अभिसरण. त्यावर इंजिन थंड राही. पण अरुंद नळ्यांच्या गाभ्यातून पाणी ढकलण्याइतका जोर त्यात नसे. पंप रूढ झाले आणि मग 1930च्या दशकात गरम पाण्यावर चालणारे, विजेच्या पंख्याचे हीटर अमेरिकेत भराभर पसरले.

आता थोडे गणित करू. समजा, गाभ्यातून दर मिनिटाला 6 लिटर पाणी जाते, म्हणजे सेकंदाला 0.1 किलोग्रॅम. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला सुमारे 4.2 किलोज्यूल. गाभ्यातून जाताना पाणी 10 अंशांनी निवले, तर 0.1 × 4.2 × 10 म्हणजे 4.2 किलोवॅट उष्णता मिळते. घरातल्या 2000 वॅटच्या दोन हीटरांपेक्षाही थोडी अधिक. पंखा सेकंदाला 80 ग्रॅम हवा ढकलत असेल, तर तेवढ्या उष्णतेने ती सुमारे 52 अंशांनी तापेल. बाहेर उणे 20 असताना आत 32 अंशांची हवा येईल.

हीटर दुबळा होण्याची कारणे या एका गुणाकारातच दडलेली आहेत. पाण्याचा प्रवाह कमी असेल, पाणी पुरेसे तापत नसेल, किंवा पाण्यातली उष्णता हवेला नीट मिळत नसेल. चौथा प्रकार नाही.

पाणी किती तापू द्यायचे?

यातली मधली अडचण सोडवायला सर्वांत जास्त काळ लागला. थंड प्रदेशात इंजिनात नुसते पाणी ठेवता येत नाही. ते गोठताना फुगते आणि ओतीव लोखंड फोडते. म्हणून त्यात अल्कोहोल मिसळत. पण मिथेनॉल सुमारे 65 अंशांना उकळते आणि इथेनॉल 78 अंशांना. पाणी जास्त तापू दिले तर अल्कोहोल उडून जाई आणि पुढच्या गारठ्यात इंजिन फुटे. त्यामुळे इंजिन मुद्दाम कमी तापमानावर चालवावे लागे आणि हीटरला कोमट पाणी मिळे.

1927 साली अमेरिकेत 'प्रेस्टोन' या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आले. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 197 अंश. त्याचे आणखी एक नवल म्हणजे शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास गोठते, पण त्यात तेवढेच पाणी मिसळले की मिश्रण उणे 35 अंशांखालीही द्रव राहते. दोन्ही पदार्थ एकमेकांना गोठू देत नाहीत. मिश्रणाची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी असते, पण ते अधिक तापवता येत असल्याने हीटरचा फायदाच झाला.

पाणी किती तापू द्यायचे हे ठरवतो थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि ठरावीक तापमानाला उघडतो. सुरुवातीच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी भाता असे आणि त्यात लवकर उडणारा द्रव. द्रवाची वाफ झाली की भाता फुगे. पुढे रेडिएटरला दाब धरणारी झाकणे आली. पाण्यावर एक वातावरणाइतका जादा दाब ठेवला की ते 120 अंशांच्या आसपास उकळते, हे प्रेशर कुकरमुळे आपल्या परिचयाचे आहे. पण हा दाब भात्यालाही बाहेरून दाबू लागला आणि भाता उशिरा उघडू लागला. मेणाच्या थर्मोस्टॅटने ही अडचण दूर केली. सर्जियस व्हर्नेट यांनी तो 1930च्या दशकात विकसित केला. मेण वितळताना बरेच प्रसरण पावते आणि दांडी ढकलते. मेणाचा वितळणबिंदू दाबाने फारसा बदलत नाही. आजही बहुतेक इंजिनांत हेच मेण काम करते.

हवेची बाजू

उरली हवा. पहिले हीटर गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा गरम करत. प्रवाशांच्या श्वासातले बाष्प आतच राही आणि थंड काचेवर जमे. 1938 साली नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, गरम पाण्याच्या गाभ्यावरून आत आणण्याची व्यवस्था दिली. आत येणाऱ्या हवेमुळे गाडीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राही, आणि फटींतून थंड वारा आत शिरण्याऐवजी आतली हवाच बाहेर पडे. बाहेरची हिवाळी हवा थंड असली तरी तिच्यात बाष्प अत्यल्प असते. ती तापवली की चांगली कोरडी होते, म्हणून काच स्वच्छ राहते.

पिकअप ट्रकपर्यंत हे सुख सावकाश पोहोचले. फोर्डने कारखान्यातच तयार केलेला पहिला पिकअप 1925 साली 281 डॉलरला विकायला काढला. ते शेतकऱ्याचे आणि कारागिराचे वाहन होते, त्यात उबेचा विचार नव्हता. 1947 साली शेव्हरोलेच्या नव्या ट्रकांत ताज्या हवेचा हीटर मिळू लागला, तोही जादा पैसे मोजून. अमेरिकेत 1968 पासून लागू झालेल्या सुरक्षा-मानकांनी मोटारींत काचेवरचे हिम आणि बाष्प घालवणारी व्यवस्था आवश्यक ठरवली. ऊब हा सुरक्षिततेचा भाग मानला गेला.

पुन्हा आमच्या ट्रकपाशी

आता त्या शेजाऱ्यांचा प्रश्न उलगडतो. हीटरचा गाभा चालकाच्या समोरच्या पडद्यामागे, बऱ्याच गाड्यांत पाण्याच्या मार्गातल्या उंच जागी असतो. पाणी कमी झाले की हवा वर चढून तिथे साठते. गाडी उभी असताना पंप हळू फिरतो, त्याला ही हवा ढकलून पाणी पुढे नेता येत नाही. वेग वाढला की ते जमते. म्हणजे 'उभी असताना थंड, वेगात गरम' हे लक्षण थर्मोस्टॅटचे नव्हे, तर प्रवाहाचे आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर उलट घडले असते. वेगात, थंड वाऱ्यात इंजिन आणखी निवले असते आणि तापमानाचा काटा खाली राहिला असता. आमचा काटा तर नेहमीच्या जागी होता. त्यावरून इंजिन ठीक आहे असे आम्ही मानले. प्रत्यक्षात तो काटाच आमच्या निदानाविरुद्ध साक्ष देत होता.

हीच विचारसरणी क्रमाने वापरता येते. आधी इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहायची. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही काढायचे नाही. दाब एकदम उतरला की 100 अंशांच्या वर तापलेले पाणी क्षणात उकळून अंगावर येते. मग इंजिन सुरू करून रेडिएटरची वरची नळी पाहायची. ती सुरुवातीपासूनच कोमट होऊ लागली, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. त्यानंतर इंजिन तापवून, बंद करून, हीटरला जाणाऱ्या दोन नळ्यांना जपून हात लावायचा. दोन्ही थंड असतील तर पाणी तिथवर पोहोचत नाही. हवा साठली आहे, झडप अडकली आहे किंवा पंप झिजला आहे. एक गरम आणि दुसरी थंड असेल तर गाभ्यात गंज आणि गाळ साचला आहे. थोडेसे पाणी रेंगाळत जाते आणि सगळी उष्णता देऊन बसते. तो गाभा उलट दिशेने पाणी सोडून धुतात. दोन्ही नळ्या गरम असतील, तर पाण्याची बाजू बहुधा निर्दोष आहे. मग पंखा, हवेच्या वाटेवरचा पाचोळा, किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप आणि तिची तार तपासायची.

आमच्या ट्रकमध्ये पाणी पंपाच्या दांड्याजवळून थेंब थेंब झिरपत होते. पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते, आतली सील झिजली की पाणी तिथून बाहेर येऊन इशारा देते. त्या भोकाखाली पांढुरका ओघळ होता. आणखी काही आठवडे गेले असते, तर पाणी इंजिनाच्या माथ्यापर्यंतही पुरले नसते. तेव्हा काट्यावरही भरवसा ठेवता आला नसता, कारण तापमान मोजणारे टोक पाण्याबाहेर पडले की तो कमी तापमान दाखवू शकतो. अशा वेळी इंजिनाचा माथा वाकतो आणि निर्मनुष्य हमरस्त्यावर उणे 20 अंशांत गाडी बंद पडते. हीटर आधीच सांगत होता. तो पाण्याच्या वाटेवर सर्वांत आधी उपाशी राहणारा भाग आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत ही फुकटची उष्णता फारशी नसते. तिथे ऊब बॅटरीतूनच काढावी लागते, म्हणून थंडीत एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते आणि म्हणून अशा अनेक मोटारींत उष्मापंप बसवू लागले. टाकाऊ म्हणून जिची दखल नव्हती, तिची किंमत ती नाहीशी झाल्यावर कळते आहे.

वर्गात करून पाहण्यासारखा एक सोपा प्रयोग आहे. गॅरेजमधून काढून टाकलेले दोन-तीन थर्मोस्टॅट मागून आणा, पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा, शेजारी तापमापी धरा आणि पाणी सावकाश तापवा. झडप कोणत्या अंशाला हलू लागते आणि कोणत्या अंशाला पूर्ण उघडते, ते मुलांना नोंदवू द्या. आता पाणी निवू द्या आणि ती परत मिटते का तेही पाहा. काढून टाकलेल्यांपैकी एखादा अगदी चांगला निघेल. तो का बदलला गेला असावा, असे मुलांना विचारा.

आमचा जुना थर्मोस्टॅट आम्ही असाच स्वयंपाकघरात तपासला. तो चोख उघडत होता आणि मिटत होता. नंतर पंप बदलला, पाणी भरले आणि हीटरमधून गरम हवा येऊ लागली. तापमानाचा काटा मात्र आधी होता तिथेच होता.